स्किड प्लेट घरीच बसवा

एसीत बसून कोड लिहिणारा माणूस रविवारी सकाळी पार्किंगमध्ये गाडीखाली आडवा होऊन काय करतोय? असं तुम्ही विचाराल. आमच्या सेक्रेटरीकाकांनीही हेच विचारलं.

झालं असं, की ताम्हिणीच्या अलीकडे एका कच्च्या रस्त्यावर माझ्या जुन्या थारच्या पोटाला दगड लागला. नुसतं 'ठक'. उतरून वाकून पाहिलं तर चेंबरला, म्हणजे इंजिन ऑइल साठतं त्या भांड्याला, चांगलाच पोचा. ते फुटलं असतं तर सगळं ऑइल रस्त्यावर, आणि मला कळेपर्यंत इंजिन जाम. मोबाइलला रेंज नव्हती हे वेगळंच.

गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, पत्रा कापतो, चेसिसला वेल्डिंग मारून देतो. अर्ध्या तासात मोकळे." इथेच आमचं वाजलं. मग ऑइल बदलताना काय, दरवेळी कटर लावायचा? हा तर सरळसरळ हार्डकोडिंगचा प्रकार! प्लेट बोल्टवरच बसली पाहिजे आणि ड्रेन प्लगच्या बरोबर खाली भोक हवं. एवढं तरी मी ऐकून घेणार नव्हतो.

शेवटी तयार प्लेट मागवली. ३ मिमी पोलाद की ५ मिमी ॲल्युमिनियम, यावर आठवडाभर घरच्यांचं डोकं खाल्लं. मीटरभर लांब आणि ६० सेंमी रुंद तुकडा धरला तर पोलाद साधारण १४ किलो, ॲल्युमिनियम ८. मी पोलाद घेतलं. वाकलं तर हातोड्याने ठोकून सरळ करता येतं. मात्र १४ किलो छातीवर घेऊन भोकं जुळवणं म्हणजे काय, ते केल्याशिवाय कळत नाही. सगळे बोल्ट आधी हाताने दोन-दोन आटे अडकवा, एकही पिळू नका. पहिला घट्ट केला की चौथा बसतच नाही. हे मी तीनदा शिकलो.

आणि हो, जॅक. मदतीला आलेला मित्र म्हणाला, "पाच मिनिटांचं काम, राहू दे की जॅकवर." मी चक्क भांडलो. जॅक गाडी उचलायला असतो, तोलून धरायला नाही. सपाट जमीन, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड, चेसिसखाली दोन घोडे, आणि आत शिरण्याआधी गाडीला धक्के देऊन बघायचं. घोडे नव्हते, म्हणून त्या रविवारी काम बंद. मित्र वडे खाऊन परत गेला. प्लेट बसली ती पुढच्या रविवारी.

मॉलपलीकडे न जाणाऱ्या गाडीला हे लोढणं कशाला, हा प्रश्न मात्र रास्त आहे. वजन वाढतं, चिखल साठतो. शिवाय एक गोष्ट कुणी सांगत नाही. पूर्वी ऑइल गळलं की फरशीवर थेंब दिसायचा. आता पार्किंग स्वच्छ म्हणून काका खूश आहेत. परवा प्लेट धुवायला काढली, तर आत मूठभर वाळका चिखल, पानं, आणि कडेला काळपट ओशट डाग.

येता रविवार गेला.