रंग द्या, पण ओल सांगा

अब्बांच्या पश्चात कोकणातलं घर विकायचं ठरलं. दोघे भाऊ कुवेतला, बहीण मुंब्र्याला, मी नोकरीच्या गावी. तिथे राहणार कोण? दलाल आला. अंगणातूनच घर न्याहाळत म्हणाला, "सर, दोन कामं करा. बाहेरून झकास प्लास्टिक पेंट मारून घ्या, आणि दारावरची ती टाइल काढा. गिऱ्हाईक कुठलंही येईल, दारातूनच परत जायला नको."

टाइल म्हणजे '७८६' लिहिलेली, हिरवी. (असं लिहावं की नाही हा वाद आज नको.) अब्बांनी ती हौसेने बसवून घेतली होती. त्याचं बोलणं टोचलं, खोटं कशाला सांगू. पण रात्री विचार केला तेव्हा वाटलं, टाइल काढण्यात फसवणूक नाही. ती घराची नाही, आमची आहे. आमच्याबरोबर जाईल. फसवणूक होती ती पहिल्या सल्ल्यात.

घर जांभ्याच्या चिऱ्याचं. चिरा पावसात पाणी पितो, उन्हाळ्यात सोडतो. जुने लोक त्यावर चुना लावायचे; चुन्यातून ओल बाहेर पडते. प्लास्टिक पेंट तिला आत कोंडतो. आमची पन्हळ फुटल्यापासून पश्चिमेच्या भिंतीत ओल मुरली होती, शिवाय पावसाचा मारा त्याच बाजूने. मे महिन्यात रंग मारला असता, तर सुटीत आलेल्या मुंबईकराला भिंत नवी दिसली असती. पोपडे आषाढात सुटले असते, तोवर पैसे आमच्या खात्यात.

हदीसमधला धान्याच्या ढिगाचा प्रसंग आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक असतो. पैगंबरांनी (स.) ढिगात हात घातला, आत ओल लागली. पावसाने भिजल्याचं विक्रेत्याने सांगितलं, तेव्हा भिजलेलं लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाहीस, असं त्यांनी विचारलं. हे वर्गात शिकवणाऱ्याने भिंत रंगवून विकावी? मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा, त्याचं कलम ५५ ही वेगळं सांगत नाही: आपल्याला ठाऊक असलेला, पण साधी काळजी घेऊनही खरेदीदाराला दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने सांगायचा असतो.

म्हणून घर कळकट ठेवावं असं नाही. आलेल्या माणसाला प्रसन्न वाटलं पाहिजे. मी आधी पन्हळ बदलली, फुटकी कौलं काढली, जोत्यावरचं शेवाळ घासून घेतलं, गडग्याचे ढासळलेले चिरे लावले, दाराला तेल दिलं. तीन भिंतींना चुना. पश्चिमेची घासून तशीच ठेवली.

धाकट्याचा फोन आला, "भाईजान, घर विकताय की वर्ग घेताय?"

गिऱ्हाइकाने भिंत पाहिली, जुनी पन्हळ पाहिली, साठ हजार कमी केले आणि घर घेतलं. धाकटा अजून ते साठ हजार काढतो. टाइल माझ्या कपाटात आहे. ती मलाच हवी, असं बहिणीने परवा सांगितलं.