इच्छापोरच्या फाट्यावरची टिटवी

सुरतेत कुणालाही काही नवं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "एमां फायदो शुं?" विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. व्यापाराच्या गावात हा प्रश्न रामराम घालण्याइतका सहज आहे. बारा वर्षांपूर्वी मी गळ्यात दुर्बीण अडकवून कंपनीच्या बसमध्ये चढलो, तेव्हा शेजारच्या सीटवरच्या सहकाऱ्याने ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि हेच विचारलं. त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. आज लिहितो आहे ते उत्तरच समजा.

मी मूळचा सारंगखेड्याचा. तापीकाठचं गाव, दत्तजयंतीच्या यात्रेतल्या घोडेबाजारासाठी प्रसिद्ध. आमच्या खानदेशातली माणसं पिढ्यान् पिढ्या ताप्ती लाइनच्या गाडीत बसून सुरतेला येतात. बहुतेक जण उधना, लिंबायत, दिंडोलीत राहतात आणि लूमवर, मिलमध्ये कामाला लागतात. मला हजिरा पट्ट्यात नोकरी मिळाली म्हणून मी नदीच्या पलीकडे, इच्छापोरला खोली घेतली. चौदा वर्षं मी तिथे राहिलो, पण गाव म्हणायचो ते सारंगखेड्यालाच. इच्छापोर हा फक्त रेशनकार्डावरचा पत्ता होता. मगदल्ल्याचा पूल, रात्रंदिवस धावणारे ट्रेलर, लांबवर दिसणाऱ्या चिमण्या, फाट्यावरचा चहा, एवढीच माझी त्या जागेशी ओळख.

पाळीत काम करणाऱ्याला वेगळं सांगायला नको. आठवड्याला पाळी बदलते, पण शरीर बदलत नाही. दिवसा पडदे ओढून पडायचं, डोळा लागला की कुकरची शिट्टी. चाळिशीच्या आसपास माझी झोप पुरती बिघडली. फोन उशाशी, बोट वरखाली फिरतंय, डोक्यात काहीच शिरत नाही. घरात मी आलो की मुलं टीव्हीचा आवाज कमी करायची. आदराने नव्हे, भीतीने. हे लिहिताना अजूनही वाईट वाटतं.

मे महिना होता. दुपारच्या पाळीसाठी फाट्यावर बसची वाट पाहत उभा होतो. शेजारी एक मोकळा प्लॉट, खडी पसरलेली. तिथून एक टिटवी अंगावर ओरडत आली. डोक्यावरून गेली, वळली, परत आली. आमच्याकडे रात्री टिटवी ओरडली की आजी चुलीपुढून म्हणायची, कुणाचं तरी काही खरं नाही. मी दोन पावलं मागे सरलो. प्लॉटचा वॉचमन हसला. भरूचकडचा म्हातारा. म्हणाला, "टिटोडी छे. ईंडां मूक्यां छे." आणि बोटाने दाखवलं.

मला काही दिसेना. त्याने पुन्हा दाखवलं. मग एकदम दिसलं. खडीतच चार अंडी, मातकट, काळे डाग, चारही टोकं आत वळवलेली. घरटं म्हणावं असं काही नाही, खडे जरा बाजूला सारून केलेला खळगा. मी सहा दिवस रोज त्याच जागी उभा राहत होतो. चार हातांवर ही चार अंडी होती, आणि मला ती दिसली नव्हती.

पुढचे दिवस मी बसच्या आधी अर्धा तास जाऊन उभा राहू लागलो. भर दुपारी खडी तापून हात लावू देत नसे. एकदा पाहिलं, मादी उठली, नळाच्या गळतीच्या डबक्यात गेली, पोट पाण्यात टेकवून बसली, पिसं चिंब झाली तशी चालत आली आणि अंड्यांवर ओलं पोट ठेवून बसली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. आपण कूलरच्या ताट्यांवर पाणी मारतो, तसं ती अंगावर पाणी वाहून आणत होती. त्या रात्री घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. बोलता बोलता दोन्ही मुलं जवळ येऊन बसली. मोठीने विचारलं, "पप्पा, मग तिचं पोट नाही का भाजत?" किती तरी महिन्यांनी घरात माझ्याशी कुणी आपणहून बोललं.

वॉचमनकाकांनी अंड्यांभोवती चार विटा उभ्या केल्या, डंपर त्यावरून जाऊ नये म्हणून. त्यांचं म्हणणं, टिटोडीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस चांगला होतो, खोलगट जागी घातली तर कमी. एकच पक्षी, आमच्याकडे अपशकुनाचा आणि इथे पावसाचा. चारातली तीन पिल्लं निघाली. अंड्यातून बाहेर पडल्यावर काही तासांतच ती धावत होती. आई ओरडली की जिथल्या तिथे दबून खडा होऊन जायची.

मी त्याच महिन्यात साधी दोनशे पानी वही घेतली. दुर्बीण नंतर आली.

मराठीत छंद आणि नाद हे दोन शब्द शेजारी राहतात. नाद लागला म्हटलं की घरची माणसं धास्तावतात. पत्त्यांचा नाद, आकड्याचा नाद. नाद माणसाला घरापासून तोडतो. माझ्या छंदाने मला घरात परत आणलं, आणि घराबाहेर एक गावही दिलं. हा दुसरा फायदा मला पहिल्याइतकाच मोठा वाटतो आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

पक्ष्यांसाठी मला भरती-ओहोटी शिकावी लागली. खानदेशी माणसाला समुद्राचं काय ठाऊक! खंबातच्या आखाताची भरती देशातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी आहे. तापीच्या मुखाशी पाणी हटलं की मैलभर चिखल उघडा पडतो आणि त्यावर तुतवार, शेकाटे, बगळे उतरतात. ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे पाळीसारखीच तीही फिरती. रात्रपाळी सुटल्यावर ओहोटी सकाळी असेल तर मी तासभर खाडीवर जातो आणि मग घरी येऊन झोपतो. गाढ झोपतो. तिथला मच्छीमार मला अमावास्येच्या पाण्याचं गणित समजावतो. हिऱ्याच्या कारखान्यात पैलू पाडणारा एक तरुण रविवारी कॅमेरा घेऊन येतो. त्याची नजर माझ्यापेक्षा दसपट तीक्ष्ण, लांबचा ठिपका बघून पक्षी सांगतो. आमची जात, भाषा, पगार, काहीच जुळत नाही.

वहीत मी प्रत्येक पक्ष्याची दोन नावं लिहितो. आपली भोरडी, त्यांची वैयां. आपला शेकाट्या, त्यांचा गजपाव. शेपटी सतत खालीवर हलवणाऱ्या पाहुण्या पक्ष्याला आपण धोबी नाहीतर परीट म्हणतो, कारण तो पाण्याकाठी कपडे आपटल्यासारखा दिसतो. गुजरातीत त्याचं नाव आहे दिवाळी घोडो. दिवाळीच्या सुमाराला येतो म्हणून. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मनात सारंगखेड्याच्या बाजारात जाऊन आलो. तिथे घोडे मार्गशीर्षात येतात, इथे त्याआधीच. मारुती चितमपल्लींनी आयुष्यभर रानावनातले असे शब्द का वेचले, तेही तेव्हा थोडंसं कळलं.

अभ्यासकही छंदाच्या बाजूने बोलतात. 2023 साली 'नेचर मेडिसीन' या नियतकालिकात 16 देशांमधल्या 65 वर्षांवरच्या सुमारे 93 हजार लोकांच्या माहितीवर आधारलेला लेख आला. ज्यांना छंद होता त्यांची तब्येत आणि मन अधिक बरं असल्याचं त्यात दिसलं, उदासीची लक्षणं कमी. छंदामुळे माणूस बरा राहतो की बरा असणाराच छंद जोपासतो, हा प्रश्न अशा पाहणीतून पुरता सुटत नाही. मला स्वतःपुरतं उत्तर माहीत आहे, कारण मी बरा नव्हतो. त्याच वर्षी भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. तो तीस हजारांवर पक्षिनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात बहुतेक माझ्यासारखेच, पोटाचा उद्योग वेगळा असलेले. कुणी शिक्षक, कुणी बँकेत, कुणी पाळीवर.

एका गोष्टीची मात्र काळजी वाटते. आता छंद सांगितला की लोक विचारतात, चॅनल आहे का, कमाई किती. आईबाप पोराच्या चित्रकलेच्या वहीतही करिअर शोधतात. कृपा करून एखादी गोष्ट पोरांकडे बिनहिशेबी राहू द्या. माझ्या वहीने आजवर एक रुपया मिळवला नाही, आणि म्हणूनच खाडीवर मी कुणाचा नोकर नसतो.

तो खडीचा प्लॉट आता राहिला नाही, तिथे गोदाम आहे. वॉचमनकाका गावी परतले. टिटव्या रस्त्यापलीकडे सरकल्या. हे मी वहीत लिहून ठेवलं आहे, तारखेसकट.

गेल्या दिवाळीत आई इथे राहायला आली होती. तिला शहर आवडत नाही, पाच दिवसांतच परतीचं तिकीट विचारायला लागली. भाऊबिजेच्या सकाळी गच्चीवर तांदूळ निवडत बसली होती, मी कठड्याशी दुर्बीण घेऊन. टाकीच्या गळतीपाशी एक परीट उतरला. आईने सूप बाजूला ठेवलं.

"हाऊ ते आपला घाटवरना परीट शे," ती म्हणाली. "आठे कसा उना?"

मी म्हणालो, आई, तीच तापी इथून पुढे समुद्राला मिळते. ती काही बोलली नाही. सुपातले चार दाणे उचलले, पाण्यापासून जरा अंतरावर टाकले आणि हलू नको म्हणून मला हाताने खूण केली. परीट दाणे खात नाही, किडे खातो, हे मला ठाऊक होतं. मी हललो नाही.