धावपट्टी कुंपणापाशी संपत नाही

माझं बालपण पुण्यात लोहगाव विमानतळाच्या शेजारी गेलं. सुखोई उडालं की खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि शाळेत बाई हातात खडू धरून गप्प उभ्या राहायच्या. आवाज विरला की वाक्य तिथून पुढे चालू! त्यामुळे इथे विमान दिसलं की सबमिशन टाकून गच्चीवर पळणाऱ्या माझ्या रूमपार्टनरचं मला हसू येतं. पण विमानाकडे बघताना आपण जमिनीकडे बघतच नाही, आणि सिव्हिलवाल्यांची खरी करामत तर तिथेच असते.

लोहगावचा तळ ब्रिटिशांनी १९३९ साली उभारला, तो मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी. म्हणजे आपलं आणि त्याचं नातं जुनंच! तिथली मुख्य धावपट्टी १०/२८ आहे. हे आकडे म्हणजे दिशेचे अंश, शेवटचं शून्य गाळून. आता गंमत बघा. सांताक्रूझची मुख्य धावपट्टी ०९/२७, नौदलाच्या दाबोळीची ०८/२६ आणि आपल्या नवी मुंबईचीही ०८/२६. सगळ्या जवळजवळ पूर्व-पश्चिम! कारण विमानाला उडताना आणि उतरताना वारा समोरून लागतो आणि आपल्याकडे पावसाळ्यातला जोरदार वारा पश्चिमेकडूनच येतो. थोडक्यात, ड्रॉइंग इंजिनिअरने काढलं तरी रेघ वाऱ्यानेच आखली.

लोहगाव समुद्रसपाटीपासून जवळजवळ सहाशे मीटर उंच. तिथे हवा विरळ, म्हणून उड्डाणासाठी विमानाला जास्त धावावं लागतं. हिवाळ्यात पहाटे धुकं, पावसाळ्यात ओली धावपट्टी. तीन मिलिमीटरहून जास्त पाणी साचलं, तर चाकं डांबराला न टेकता पाण्यावरूनच घसरू शकतात. पण या सगळ्यावर उपाय आहेत. धावपट्टीला दोन्ही बाजूंना उतार देतात, हवामान कार्यालय सतत वारा आणि दृश्यमानता कळवत असतं, सुखोई उतरल्यावर मागे ब्रेक पॅराशूट उघडतं. वारा, पाऊस, धुकं यांचा अंदाज तरी बांधता येतो.

अंदाज बांधता येत नाही तो घारीचा.

जरा बारावीचं फिजिक्स आठवा. घार धरा ८०० ग्रॅमची. उतरणारं प्रवासी विमान ताशी २५० किलोमीटरने तिला धडकलं, तर धडकेची ऊर्जा साधारण दोन हजार ज्यूल. म्हणजे सिमेंटच्या चार गोण्या एक मीटरवरून पडाव्यात तशी. तेच खालून ताशी ८०० ने जाणारं लढाऊ विमान असेल, तर दहापट. चाळीस गोण्या! आणि त्या थेट इंजिनात. म्हणूनच लोहगावच्या आसपासच्या उघड्या कचऱ्याबद्दल हवाई दलाने महापालिकेकडे वेळोवेळी तक्रारी केल्या आहेत. विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत कचरा आणि मांसाचे अवशेष उघड्यावर टाकायला मनाई करणारा नियम १९३७ च्या विमान नियमावलीत होता. लहानपणी आम्हाला तो ठाऊकच नव्हता. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर ढीग होता आणि वर घारी होत्या.

आता हाच धडा आपल्या दारात आलाय. ११ ऑक्टोबर २०२४ ला नवी मुंबईच्या धावपट्टीवर गाजावाजात उतरलं ते हवाई दलाचं सी-२९५. त्याच दिवशी सुखोईही धावपट्टीवरून खालून झेपावत गेलं. २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी उड्डाणं सुरू झाली. बेलापूर, नेरूळ, खारघर, पनवेल यांचा बराचसा भाग त्या दहा किलोमीटरमध्ये येतो. आपलं हॉस्टेलसुद्धा!

काहीजण म्हणतात, पक्षी नकोत तर पाणथळ जागाच बुजवा. मला हे पटत नाही. २० मे २०२४ ला घाटकोपरला विमानाच्या धडकेत ३९ फ्लेमिंगो मेले. धोका खराच आहे. पण हक्काचं पाणी गेलं म्हणून फ्लेमिंगो हवेत विरघळणार नाहीत, दुसरं पाणी शोधत उडतील. कदाचित धावपट्टीवरूनच! घारींचं तसं नाही. त्यांना आपण बोलावतो.

रविवारी चिकन असतं तेव्हा मेसच्या मागे काय दिसतं ते एकदा बघाच. फुटलेल्या पिशव्या, हाडं, आणि वर घिरट्या घालणाऱ्या वीस-पंचवीस घारी. दोष एकट्या मेसच्या काकांचा नाही, अर्धं ताट टाकणारे आपणच. रेक्टर सरांना विनंती एवढीच, की झाकणाचे डबे द्या आणि ओला कचरा रोज उचलला जाईल असं बघा. बायोगॅसचा प्रोजेक्ट करायला आम्ही तयार आहोत, नाहीतरी फायनल इयरला विषय लागतोच!

बाकी पायलट होणारे होतील. आपण निदान ताट तरी संपवू.