मनगटावरचा आकडा कोण वाचणार?

नगर-पुणे महामार्गावरच्या सुप्यातही आता मनगटावरचं घड्याळ पावलं, नाडी आणि झोप मोजू लागलं आहे. गावाजवळच्या एमआयडीसीत जपानी कंपन्यांसाठी खास पट्टा राखलेला आहे, आणि रोज 10 हजार पावलांचा दंडकही मूळचा जपानचाच. 1965 मध्ये तिथल्या यामासा कंपनीनं बाजारात आणलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्रामुळे तो रूढ झाला; त्यामागे वैद्यकीय संशोधन नव्हतं. अमेरिकेतल्या वयस्कर स्त्रियांच्या 2019 मधल्या एका अभ्यासात साधारण साडेसात हजार पावलांच्या पुढे मृत्यूचा धोका आणखी कमी होताना दिसला नाही. दिवसभर रानात राबणाऱ्या बाईला तर पावलं मोजून घेण्याची गरजच नाही. तिचं बीपी मात्र कुणीतरी मोजायला हवं.

ते कसं करायचं, हे महाराष्ट्रानं एकदा करून दाखवलं आहे. कोविडच्या साथीत, सप्टेंबर 2020 मध्ये, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई आणि स्वयंसेवक दारोदारी गेले. ताप मोजला, बोटाला ऑक्सिमीटर लावला, घरात कुणाला शुगर-बीपी आहे का ते विचारलं. ऑक्सिजन 95 च्या खाली दिसला की माणसाला दवाखान्यात धाडायचं, हे ठरलेलं होतं. आकड्यापुढची वाट आधीच आखलेली होती, म्हणून त्या छोट्या यंत्राला मोल आलं.

याहून जुना दाखला गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं लिहिता-वाचता न येणाऱ्या दायांसाठी मण्यांचा श्वासमापक तयार केला. बाळाचे 10 श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिट संपण्याआधी लाल मणी आला, तर न्यूमोनिया. बॅटरी नाही, ॲप नाही. निदान करणाऱ्या त्याच हातात औषधही दिलेलं होतं, आणि खरी ताकद त्यात होती.

आयसीएमआरच्या 2023 मधल्या अहवालानुसार देशातल्या सुमारे 35 टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. तिशी ओलांडलेल्यांची माहिती आशाताई आजही फॉर्मवर भरून घेतात. त्यांच्या प्रत्येकीच्या पिशवीत चांगलं बीपी मशीन हवं, आणि जास्त बीपी निघालेल्या माणसाला महिनोन् महिने गोळ्या मिळत राहतील याची हमी हवी. नवं काम सोपवायचं तर त्याचे पैसेही द्यायला हवेत. मानधनासाठी याच बायकांना 2023-24 मध्ये संपावर जावं लागलं होतं.

सुप्याच्या कारखान्यांनीही गेटजवळ तपासणीची सोय करावी. रात्रपाळीच्या कामगारांना तिची निकड अधिक. मात्र तिथले आकडे कामगार आणि डॉक्टर यांच्यातच राहावेत. बीपी वाढलं म्हणून कंत्राट संपेल अशी धास्ती असेल, तर कामगार मशीनकडे फिरकणारच नाही. त्यामुळे ही नोंद कंपनीच्या एचआरकडे जाणार नाही, असं लेखी आश्वासन तपासणी सुरू होण्याआधीच मिळायला हवं.