बियाणं तपासतात, परागकण कोण तपासणार?

देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, जालना या पट्ट्यात शेडनेटमधले सीड प्लॉट आता नवे राहिले नाहीत. टोमॅटो, मिरचीचं संकरित बियाणं इथं हातानं तयार होतं. मादी झाडाच्या कळीतले पुंकेसर काढायचे आणि नर झाडाचं पोलन, म्हणजे परागकण, तिथं लावायचे. फळ धरो ना धरो, क्रॉसिंगची मजुरी रोजच्या रोज द्यावी लागते.

सेटिंग कमी आलं की पहिलं बोट मजूर बायांकडं जातं, दुसरं खताकडं. पोलन जिवंत होतं का, हे कोणी विचारत नाही. टोमॅटोत फूल उमलायच्या आठ-दहा दिवस आधीच्या उष्णतेचा मोठा फटका परागकणांना बसतो. म्हणून क्रॉसिंगच्या दिवशी हवा गार असली तरी पोलन निकामी असू शकतं. पिवळी पूड डोळ्यांना मात्र तशीच दिसते.

तपासायच्या पद्धती आहेत. अ‍ॅसिटोकार्मिन लावलं की भरीव कण लाल होतात, पोचट कण बिनरंगी राहतात. ही पद्धत सोपी आणि स्वस्त. पण नुकता मेलेला कणही रंग धरतो, म्हणून आकडा फुगतो. टेट्राझोलियममध्ये श्वसन चालू असलेला कणच लाल होतो. जास्त भरवशाची पद्धत म्हणजे पोलन उगवून पाहणं. साखर, बोरिक अ‍ॅसिड आणि कॅल्शियमच्या द्रावणात ठेवलं की जिवंत कणातून काही तासांत नळी फुटते. सूक्ष्मदर्शकाखाली शंभर कण मोजले आणि तीसला नळी दिसली, तर उगवण ३० टक्के.

बियाण्याला नियम आहेत. टोमॅटोची उगवण किमान ७० टक्के, मिरचीची ६० टक्के लागते. शुद्धतेत माल नापास झाला तर वर्षाची मेहनत जाते. पण ते बियाणं ज्या पोलनवर उभं आहे, त्याच्या तपासणीचा करारात बहुधा शब्दही नसतो. तोटा शेतकऱ्याच्याच माथी.

करारावर सही करण्याआधी एवढं विचाराच: पोलन कोण तपासणार, आणि किती दिवसांनी? जवळच्या कृषी महाविद्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. उष्णतेच्या लाटेनंतर एक नमुना तपासला, तरी मेलेल्या पोलनवर आठवडाभराची मजुरी वाया जाणार नाही.