फोटो एकटाच जातो

एक सोपा प्रश्न विचारते. तुमच्या घरातल्या मोबाईलमध्ये आत्ता किती फोटो असतील? पाचशे? दोन हजार? बरं, आता अवघड प्रश्न. त्यातला फक्त एक निवडायचा आणि तुम्हाला अजिबात न ओळखणाऱ्या तीन माणसांपुढे ठेवायचा. कोणता ठेवाल?

पडलं ना कोडं! कॅमेरा क्लबातल्या मंडळींना हे कोडं दर महिन्याला पडतं. जिल्ह्याच्या गावी, कधीकधी तालुक्यालाही, असे पंधरावीस हौशी लोक एकत्र आलेले असतात. त्यात बँकेतले काका असतात, दाताचे डॉक्टर असतात, लग्नाचे फोटो काढणारे स्टुडिओवाले असतात. महिन्यातून एकदा वाचनालयाच्या नाहीतर शाळेच्या हॉलमध्ये जमायचं, एकमेकांचे फोटो बघायचे, भांडायचं, चहा प्यायचा. आणि या सगळ्याच्या मध्यभागी असते स्पर्धा.

ही हौस आजची नाही हं. फोटो काढायची एक रीत फ्रान्सने १८३९ साली १९ ऑगस्टला जगापुढे मांडली. म्हणून तर तो दिवस जागतिक छायाचित्रण दिन म्हणून पाळतात. त्यानंतर पंधराच वर्षांनी, १८५४ साली, आपल्या मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. ज्यांच्या नावाचं संग्रहालय तुम्ही राणीच्या बागेशेजारी पाहिलं असेल, ते डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते. त्या काळात काचेवर रसायन ओतायचं, ती काच ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धावत जाऊन अंधाऱ्या खोलीत धुवायची. एका फोटोला एवढी यातायात! मग माणसं एकत्र येऊन एकमेकांना युक्त्या सांगणार नाहीत तर काय करतील? १९३७ साली मुंबईतच फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया सुरू झाली. आज काच नाही आणि रसायनही नाही, पण एकत्र बसून फोटो बघायची ही रीत टिकली आहे.

आता स्पर्धा कशी चालते ते सांगते. क्लब एक विषय देतो. ‘पाऊस’, ‘दार’, ‘कष्टाचे हात’ असं काहीतरी. काही वेळा विषय नसतो, विभाग असतात: रंगीत, कृष्णधवल, निसर्ग. एका विभागात किती फोटो द्यायचे ते ठरलेलं असतं, बहुतेक ठिकाणी चारपर्यंत. फोटोवर नाव घालायचं नाही, कोपऱ्यात सहीसुद्धा नाही. मग हॉलमधले दिवे बंद होतात, फोटो एकेक करून पडद्यावर येतात आणि परीक्षक गुण देतात. एक फोटो किती वेळ दिसतो माहीत आहे? काही सेकंद! तुम्ही मागच्या खुर्चीत बसलेले असता, पण उठून ‘‘अहो, त्याचं काय झालं...’’ असं सांगायची सोय नसते.

म्हणजे काय, तर फोटो तिथे एकटाच जातो. तुम्ही त्याच्याबरोबर नसता. स्पर्धेतली सगळी गंमत आणि सगळा त्रास इथे आहे.

आमच्या शाळेतल्या सातवीतल्या एका मुलीची गोष्ट सांगते. (तिला विचारूनच सांगते आहे.) तिने आईच्या मोबाईलवर आजोबांचा फोटो काढला. पोळा जवळ आला होता आणि आजोबा अंगणात बसून अंबाडीचा दोर वळत होते. दोर वळता वळता त्यांनी काहीतरी थट्टा केली आणि स्वतःच हसले. तेवढ्यात हिने फोटो घेतला. घरात सगळ्यांना तो इतका आवडला, की तिने तोच क्लबच्या स्पर्धेत दिला.

तिला ३० पैकी ११ गुण पडले. परीक्षक म्हणाले, ‘‘विजेचा खांब आजोबांच्या डोक्यातून उगवलाय.’’ हॉलमध्ये हशा पिकला. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘‘बाई, आजोबा किती छान हसत होते, ते त्यांना दिसलंच नाही का?’’

दिसलं असणार. पण खांब आधी दिसला. शिवाय दुपारचं ऊन, त्यामुळे अर्धा चेहरा काळा. मागे दोरीवरचे कपडे आणि शेजाऱ्यांच्या टीव्हीची छत्री. तो दोर घरातल्या नव्या गोऱ्ह्याच्या पहिल्या पोळ्यासाठी होता, आजोबा थट्टा काय करत होते, हे तिला ठाऊक होतं. फोटो बघताना तिला ते सगळं ऐकू यायचं. परीक्षकांना ऐकू येणार कसं? त्यांनी गुण दिले ते फोटोला. आजोबांना गुण द्यायला ते बसलेच नव्हते. तिला हे सांगितलं तेव्हा तिने मान हलवली खरी, पण पटलं नव्हतं. मलाही तिच्या वयात पटलं नसतं.

पुढच्या रविवारी मात्र ती सकाळी सातलाच कॅमेऱ्यासकट, म्हणजे मोबाईलसकट, ओट्यावर. आधी दोन पावलं डावीकडे सरकली. खांब घराच्या भिंतीआड गेला. गुडघ्यावर बसली. कपड्यांची दोरी चौकटीच्या बाहेर गेली. सकाळचं तिरपं ऊन होतं, त्यात दोराचा पीळन् पीळ वेगळा दिसायला लागला. दुपारी डोक्यावरून येणारं ऊन सगळं सपाट करून टाकतं, तिरपं ऊन मात्र प्रत्येक खाचखळग्याला सावली देतं. कधी शेतातली ढेकळं सकाळी आणि दुपारी बघा, म्हणजे कळेल. मग ती अगदी जवळ गेली. बोटाने पडदा ताणून चित्र मोठं केलं नाही, पायांनी जवळ गेली. मोबाईलवर बोटाने फार मोठं केलेलं चित्र म्हणजे बहुतेक वेळा कापून फुगवलेलं चित्र. ते मोठ्या पडद्यावर पिठासारखं दिसतं. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आजोबा दोराचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरतात. दोन हात आणि एक अंगठा, एवढंच तिने चौकटीत घेतलं. चेहरा नाहीच! चाळीसेक फोटो काढले, त्यातला एक ठेवला आणि नाव दिलं ‘दोर’.

बक्षीस? नाही मिळालं. १८ गुण मिळाले, तिसरं बक्षीस २१ गुणांवर गेलं. पण परीक्षक म्हणाले, ‘‘बोटांवरचा उजेड बघा,’’ आणि पुढच्या रांगेतली माणसं खरोखर वाकून बघायला लागली.

आता माझं मत. पहिला फोटो तिच्या घरी भिंतीवर लावलेला आहे आणि तिथे तोच हवा. अंगठ्याचा फोटो भिंतीवर लावून आजीला काय करायचं आहे? घरच्या फोटोला खांब चालतो, कारण तो बघणाऱ्यांना खांब दिसतच नाही. स्पर्धेचा फोटो वेगळा. दोन्ही काढावेत, फक्त कुठला कुठे पाठवायचा ते ओळखावं.

ते ओळखायची एक युक्ती आहे. आवडलेले पाचसहा फोटो निवडा आणि त्या वेळी तिथे नसलेल्या माणसाला दाखवा. शेजारच्या काकू, मामेभाऊ, कोणीही. अट एकच, तुम्ही तोंड उघडायचं नाही. त्यांची नजर आधी कुठे जाते ते बघा. ‘‘हे मागे काय आहे?’’ असं विचारलं, की समजा, तुमचा खांब सापडला. दुसरी युक्ती म्हणजे फोटो उलटा धरून बघणं. डोकं खाली पाय वर केलं, की आपण चेहरे ओळखणं थांबवतो आणि नुसता उजेड-अंधार दिसतो. कोपऱ्यातला पांढरा ठिपका डोळ्यात टोचायला लागतो. तिसरी युक्ती, आठ दिवस थांबा. काढल्या दिवशी प्रत्येक फोटो झकासच वाटतो!

परीक्षकांना कंटाळा कशाचा येतो, तेही सांगून ठेवते. सुरकुतलेल्या आजीचा जवळून घेतलेला चेहरा, जेजुरीचा उधळलेला भंडारा, वारीतल्या पताका, खिडकीच्या गजांआडून बघणारं पोर. हे वाईट विषय आहेत असं मुळीच नाही. भंडाऱ्याने पिवळं झालेलं आकाश बघून कोणाचंही भान हरपेल. पण परीक्षकांनी ते शेकडो वेळा पाहिलेलं असतं, तुमच्या आजोबांचा अंगठा कोणी पाहिलेला नसतो. शिवाय मोठ्या माणसांसारखं जेजुरीपर्यंत तुम्हाला एकट्याने जाताही येत नाही. उलट तुमच्या स्वयंपाकघरात सकाळी सहाला शिरायची परवानगी त्या बँकेतल्या काकांना नाही, तुम्हाला आहे! आणि नाव देताना ‘जीवन एक संघर्ष’ किंवा ‘निरागस बालपण’ असलं काही देऊ नका, बाबांनो. ‘दोर’ पुरे.

आता जरा गंभीर बोलू. परीक्षक फोटोवर विश्वास ठेवून गुण देतात. तो विश्वास मोडला तर काय होतं? लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची वन्यजीव छायाचित्रांची स्पर्धा जगभर नावाजलेली आहे. २०१७ साली तिथे ब्राझीलमधल्या एका फोटोला एका विभागाचं बक्षीस मिळालं. रात्रीचं आकाश, चमचमणारं वाळवीचं वारूळ आणि त्याच्याकडे चाललेला मुंगीखाऊ. पुढच्या वर्षी तज्ज्ञांनी तपासून सांगितलं, की हा मुंगीखाऊ भुसा भरलेला दिसतो आहे. छायाचित्रकाराने ते मान्य केलं नाही, पण बक्षीस रद्द झालं. आता तर भुसाही लागत नाही. २०२३ साली एका जर्मन कलावंताने संगणकाच्या कृत्रिम बुद्धीने बनवलेलं चित्र सोनीच्या जागतिक स्पर्धेत दिलं. त्याला बक्षीस लागलं आणि त्याने स्वतःच ते नाकारलं. म्हणाला, हे छायाचित्र नाही, स्पर्धा घेणारे यासाठी तयार आहेत का ते मला बघायचं होतं. लगेच पुढच्या वर्षी दुसऱ्याने उलटी गंमत केली. एका स्पर्धेत कृत्रिम चित्रांच्या विभागात त्याने खराखुरा फोटो दिला. त्यातल्या रोहित पक्ष्याला डोकंच दिसत नाही! पक्षी मान वळवून पोट खाजवतो आहे, एवढंच. त्या फोटोला बक्षीस लागलं, मग तो खरा आहे हे कळल्यावर बाद झाला.

मोबाईलमधली ॲप्स आज एका बोटात आकाश बदलून देतात, खांब पुसून देतात. स्पर्धेत ते चालतं का? नियमात बघायचं. निसर्ग विभागात तर बहुधा चालतच नाही. छायाचित्रणाच्या तीन मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी २०१४ साली मिळून निसर्ग छायाचित्राची एकच व्याख्या ठरवली. कडा कातरा, उजेड थोडा कमीजास्त करा, पण असलेलं पुसायचं नाही आणि नसलेलं घालायचं नाही. शंका आली तर मूळ फाइल मागतात, म्हणून ती कधीही पुसू नका.

निसर्गावरून आठवलं. घरट्यातल्या पिल्लांचे फोटो आपल्याकडे बऱ्याच स्पर्धांत घेतच नाहीत. का? आपण जवळ उभे असलो, की पिल्लांचे आईबाप चारा घेऊन घरट्याकडे येत नाहीत. नीट दिसावं म्हणून आपण एक फांदी बाजूला करतो, आणि त्या वाटेने पिल्लांवर ऊनही येतं आणि कावळाही. फोटो मिळतो, पिल्लं जातात. घरटं दिसलं तर मोबाईल खिशात ठेवून मागे फिरायचं. यात माझ्याशी वाद घालू नका.

माणसांचंही तसंच. बाजारात भाजीवाल्या मावशींचा फोटो घ्यायचा तर आधी विचारा, आणि तो स्पर्धेला देणार आहात हेही सांगा. ‘नको’ म्हणाल्या तर नको. भीक मागणाऱ्या माणसाचा चोरून काढलेला फोटो ‘कष्टाचे हात’मध्ये देणारे महाभाग असतात. मला ते बघवत नाही.

शेवटी कागदपत्रांचं. फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला तर लहान होऊन जातो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून नाहीतर ईमेलने पाठवा. छापील फोटो मागितला असेल तर ध्यानात घ्या, मोबाईलचा फोटो बहुधा ४ : ३ या प्रमाणात असतो आणि १२ बाय १८ इंचांचा कागद ३ : २ असतो. कडा कुठून कापायच्या ते तुम्ही ठरवून द्या, नाहीतर लॅबवाले दादा ठरवतील आणि अंगठाच कापतील! नियमांत ‘फोटोचे सर्व हक्क संयोजकांकडे’ असं वाक्य असेल तर आईबाबांना दाखवा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटो काढणारा हाच त्याचा कर्ता असतो, मग वय बारा का असेना. असं वाक्य असलेली स्पर्धा मी तरी सोडून देईन.

आणि प्रवेश अर्जावर वय लिहायला विसरू नका. काही क्लब शाळकरी मुलांसाठी वेगळा विभाग ठेवतात, कुठे शुल्क कमी असतं, कुठे माफ असतं. अर्जावर तसं काही छापलेलं नसेल तर जाऊन विचारा. त्या दिवशी फोटो दिला नाहीत तरी मागच्या खुर्चीत बसून बघायला मिळतंच, आणि चहाही.