गाडीची भाषा आणि स्वस्तातला दुभाष्या

डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला की आपण सगळे सारखेच वागतो. आधी दुर्लक्ष, मग सर्व्हिस सेंटर, मग तिथे सांगतील त्याला मान डोलावणे! आठवडाभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधणारे आपण, पण स्वतःच्या गाडीचा लॉग काही वाचत नाही.

खरं तर ते अवघड नाहीये. स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं एक सॉकेट असतं. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेल्सपासून आणि आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ सक्तीचं झालं. म्हणजे प्रदूषणाशी संबंधित बिघाड गाडीने ठरलेल्या कोडमध्येच सांगायचा. पी०३०० म्हणजे मिसफायर, मग गाडी मारुती असो की ह्युंदाई.

"सर्व गाड्यांना चालतो" हा स्कॅनरच्या खोक्यावरचा दावा एवढ्यापुरता खरा. एबीएस, एअरबॅग वगैरेंचे कोड मात्र ज्या त्या कंपनीचे. आपल्या भाषेत, एक पब्लिक एपीआय आणि बाकी सगळं प्रोप्रायटरी! म्हणून घरात दोन कंपन्यांच्या गाड्या असतील तर आधी ठरवा, वाचायचंय काय? फक्त इंजिन असेल तर साधा ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टर आणि फोनवरचं अ‍ॅप पुरे. एबीएस हवं असेल तर आपलं मॉडेल आणि वर्ष स्कॅनरच्या यादीत बघूनच पैसे मोजा.

आता अगदी स्वस्त माल. ईएलएम३२७ ही मूळ चिप कॅनडाच्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सची. ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, पण तिच्या नकला बाजारात भरपूर आहेत. गंमत म्हणजे अनेक नकलांवर "१.५" छापलेलं असतं आणि मूळ कंपनीने ती आवृत्ती कधी काढलीच नव्हती! काही नकला अर्ध्या कमांड्सना उत्तरच देत नाहीत. माझं मत विचाराल तर फर्मवेअर अपडेट देणाऱ्या कंपनीचा मधल्या किमतीचा अ‍ॅडॅप्टर घ्यावा.

आणि एक. कोड म्हणजे लक्षण, निदान नव्हे. पी०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी पडतंय. दोष सेन्सरचा असेल, नाहीतर चिरलेल्या व्हॅक्यूम पाइपचा. कोड बघून लगेच सेन्सर बदलणं म्हणजे एरर मेसेज वाचून सर्व्हर बदलण्यासारखं.

कोड पुसण्याचं बटणही जपून दाबा. त्याबरोबर बिघाडाच्या क्षणाची नोंद जाते आणि गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही पुन्हा शून्यावर येतात. सेकंडहँड गाडी घेताना हेच उपयोगी पडतं. बऱ्याचशा तपासण्या 'अपूर्ण' दिसल्या, तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. विक्रेत्याला विचारा, आणि थोडे दिवस गाडी चालवल्यावर पुन्हा तपासा.

मेकॅनिकचा अनुभव या डबीत येत नाही, मान्य. पण "हा पार्ट का बदलायचा?" हे विचारण्यापुरती माहिती नक्की येते. बिल आपण भरतो ना, मग तेवढं विचारायलाच हवं.